दुसरा नमुना

हे खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं मानावं. भुतं रात्रीच दिसतात म्हणणाऱ्यांनी तर वाचूच नये. कारण हे घडलं भर दुपारी, उन्हाळ्यात, संभाजीनगरात, छावणीजवळच्या एका दवाखान्यात.

आमची निलोफर तिथं फुप्फुसांच्या जुन्या आजारावर संशोधन करते. रुग्णाच्या नाकात बारीक ब्रश फिरवून पेशी काढायच्या आणि त्यांतली कोणती जनुकं जागी आहेत ते मशीनवर बघायचं. त्यावरून आजार किती बळावलाय याचा अंदाज येतो.

काही महिन्यांनी दुसरा नमुना लागतो. लोक येतच नाहीत. म्हणून निलोफर प्रत्येकाकडून कबूल करून घ्यायची. "परत या हं. येणार म्हणा."

दवाखान्यात कुणाला 'परत या' म्हणू नये, हे या शिकलेल्या पोरीला कोण सांगणार!

सिल्लोडच्या आवडाबाईंनी पहिला नमुना देतानाच सांगितलं होतं. त्यांचा जन्म चुलीपुढं गेलेला. श्वास घेतला की छातीत शिट्टी वाजायची.

"दवाखान्यात परत या म्हणत्यात व्हय गं? येडी का काय!"

"म्हणा ना, मावशी."

"बरं बाई, येते. काय बी झालं तरी येते."

त्याच सुमारास निलोफरनं स्वतःच्या अम्मीचा, हसीनाबींचाही नमुना घेतला. अम्मीनं आयुष्यभर कापूस पिंजून गाद्या भरल्या, ती धूळ छातीत बसलेली. सवयीनं तिच्याकडूनही वदवून घेतलं.

"आऊंगी बेटा. वादा."

पुढं ठरल्या दिवशी आवडाबाई आल्या. एकट्याच.

बाकावर टेकल्या... पण शिट्टी नाही.

धाप नाही. खोकला नाही. निलोफरला केवढा आनंद झाला! "मावशी, छाती मोकळी झाली की तुमची!"

आवडाबाईंनी मान वर केली. नमुना दिला आणि गेल्या.

मग फोन वाजला. त्यांचा मुलगा, शिवम.

"मॅडम, आई आता येणार नाय. पहाटंच गेली."

निलोफरनं ट्रेमध्ये पाहिलं...

आवडाबाईंच्या नमुन्याची नळी तिथंच होती.

तिनं ती तपासायला लावली. पेशी भरपूर. पण एकही जनुक जागं नाही. मशीन बिघडलं म्हणावं, तर बाकीचे नमुने व्यवस्थित.

तेव्हापासून तिच्या जिवाला थारा नाही. घरी अम्मी खोकली की हिला हायसं वाटतं. खोकला थांबला की हातातला घास टाकून आत धावते.

"मरी नहीं मैं, खाना खा!" अम्मी वैतागायची.

"अम्मी, वो वादा वापस लो ना. तुम मत आओ."

"वादा कब्बी वापस होता क्या, पगली?"

परवाची गोष्ट. दुपारी निलोफर खोलीत एकटीच होती. जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, सारखी, कुठंही न थांबता...

दार उघडलं.

अम्मी.

दर पायरीला दम खाणारी, भिंत धरून खोकणारी अम्मी. आज एकदाही खोकली नव्हती. शांतपणे बाकावर बसली. पदर सावरून तिनं मान वर केली, नमुना देण्यासाठी.

"बोली थी ना... आ गई."

टेबलावर फोन वाजू लागला. घरून, भाऊ झीशानचा.

निलोफरचे डोळे भरून आले. तिनं ब्रशही उचलला नाही, फोनही नाही. फोन उचलत नाही तोवर तरी अम्मी समोर बसलेली होती.