चेहऱ्याची मोकळी जागा

मी थापा मारते, हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. मला आवडतं. पण आज सांगतेय त्यात पदरचं एक अक्षर नाही.

हे माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत घडलं. नऊ वर्षं झाली. मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन.

हो, दुपारचेच. भुतं रात्रीच येतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला?

धाकटी जुनी चित्रं दुरुस्त करते. नदीकाठच्या एका गावात दोनशे वर्षांचं गेस्ट हाऊस होतं. तिथली चित्रं धुरकटली होती. मालकीणबाईंनी तिला चार दिवस राहायलाच बोलावलं. सोबत मेहुणे निघाले. ते शाळेत भूगोल शिकवायचे, सुट्टी होती.

त्या घरात बोट टेकवायला भिंत मोकळी नव्हती. जिन्यात चित्रं, जेवणघरात चित्रं, पलंगाच्या डोक्याशी चित्रं. न्हाणीघरातसुद्धा एक दाढीवाला टांगलेला.

"याच्यासमोर अंघोळ करायची?" मेहुणे म्हणाले. "मी तर टॉवेल सोडणार नाही बाबा."

आमचे मेहुणे म्हणजे चालताबोलता रेडिओ. चालले की बूट करकरणार, बसले की गुणगुणणार. चहाचा भुरका शेजारच्या घरात ऐकू जाणार. आणि दर पाच मिनिटांनी घसा खाकरणार. धाकटी वैतागायची.

"अहो, जरा शांत बसाल का?"

"बसेन की. मेल्यावर."

खालच्या दिवाणखान्यात एक चित्र होतं, माणसाएवढं उंच. नदीकाठी उभा असलेला एक गृहस्थ. लांब कोट, हातात काठी. हात इतका हुबेहूब की नखं मोजावीत. पण मानेच्या वर काही नाही. चेहऱ्याचा रंग पार उडून गेलेला.

"हा कोण होता?" धाकटीनं विचारलं.

"माहीत नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "चित्र पुसून घ्या. चेहऱ्याच्या जागी नुसता सपाट रंग भरा. चेहरा काढू नका."

"का?"

"नका काढू, एवढंच."

खरं तर तिच्या कामाचा नियमही तोच. जे उडून गेलं ते आपल्या मनानं रंगवायचं नाही. मोकळी जागा मोकळी दिसू द्यायची. याच चुकीसाठी तिनं हाताखालच्या पोरींना वीस वर्षं झापलं होतं.

पण त्या मंगळवारी उजेड छान होता. हात सैल सुटला होता. मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या. आणि मेहुणे खिडकीत बसले होते.

"अगं, एवढा रुबाबदार कोट आणि वर भोपळासुद्धा नाही? माझं तोंड टाक की. फुकटचा मॉडेल आहे."

"तुमचं तोंड? चित्र खाली उडी मारेल."

हसता हसता तिनं कुंचला उचलला. संध्याकाळपर्यंत पुसून टाकू, तोवर रंग ओलाच राहणार, असा हिशेब.

दीड तासात मेहुणे तयार झाले. नाक, कपाळ, कानावरचा तीळसुद्धा. शेवटी डोळ्यात उजेडाचा एक ठिपका दिला...

आणि खिडकीतलं गुणगुणणं थांबलं.

तिला तेव्हा लक्षातच आलं नाही.

"चला, चहा घेऊ," ती म्हणाली, आणि जिना चढू लागली. लाकडी जिना. तिच्या प्रत्येक पावलाला कुरकुरत होता.

फक्त तिच्याच पावलाला...

मेहुणे खालीच राहिले वाटतं, म्हणून तिनं वळून पाहिलं.

ते एकच पायरी मागे उभे होते. हसत.

खोलीत तिनं चहा दिला. ते प्यायले. भुरका नाही. कप बशीत ठेवला. खणकन झालं नाही.

"बरं नाही का तुम्हाला?"

त्यांनी नुसती मान हलवली.

बाहेर नदी वाहत होती. तिचा आवाज तेवढा येत होता. आणि मग... खालच्या दिवाणखान्यातून...

कोणीतरी घसा खाकरला.

धाकटीच्या हातातली किटली कलंडली. तीस वर्षं ऐकलेला आवाज. अंधारात शंभर माणसांत ओळखला असता.

"अहो... तुम्ही खाकरलात?"

"नाही," समोरचे मेहुणे म्हणाले. आवाज त्यांचाच.

ती धावत खाली गेली. चित्र जागेवर होतं. तिनं ओठ मिटलेले काढले होते. ते आता किंचित उघडे होते.

तिनं कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला.

"पूस," मागून आवाज आला. मेहुणे जिन्याशी उभे होते. "लगेच पूस. वाळायच्या आत."

बोळा कपाळाला टेकणार, तेवढ्यात... चित्रातून, अगदी हळू...

"अगं..."

ती थिजली.

पुसलं तर कोण जाणार? आणि नाही पुसलं तर कोण राहणार?

बाई हुशार आमची. एवढ्या घाबरगुंडीतही तिला सुचलं. तिनं डोळे मिटले आणि विचारलं, "लग्नाच्या दिवशी तुम्ही माझ्याशी पहिलं वाक्य काय बोललात?"

हे तिसऱ्या कोणाला माहीत नाही. मलासुद्धा तिनं तोवर सांगितलं नव्हतं.

मागून उत्तर आलं, "बूट चावतोय."

समोरूनही आलं, "बूट चावतोय."

एकाच वेळी. एकाच आवाजात.

मग तिनं बोटानं गालाचा रंग चाचपला. कडेनं वाळायला लागला होता.

पुन्हा समोरून खाकरणं सुरू झालं...

तिनं पुसलं. डोळे, नाक, ओठ, सगळं.

खाकरणं अर्ध्यातच तुटलं.

मग मागे जिना कुरकुरला. बूट करकरले. मेहुणे जवळ आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता.

"झालं," ते म्हणाले. "चल, घरी जाऊ."

मालकीणबाई परतल्या तेव्हा सामान बांधून तयार होतं. त्यांनी चित्रातल्या ओल्या डागाकडे पाहिलं. मग मेहुण्यांकडे. बराच वेळ. धाकटीचा हात हातात घेऊन निरोप दिला. मेहुण्यांशी मात्र एक शब्द बोलल्या नाहीत.

तेव्हापासून संसार नीट चाललाय. मेहुणे जेवतात, हसतात, गुणगुणतात. परवाच माझ्याकडे चहाला आले होते. चांगला भुरका मारला.

मी धाकटीला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "खरं सांग. पुसलास तो कोण होता?"

तिनं दार लोटलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई," ती म्हणाली, "रोज सकाळी उठून मी तेच ठरवते."