रत्नाबाईंचा पहिला शब्द

मारोतराव खुर्चीत बसले, पण मागे टेकले नाहीत.

"माही बायको वारून एकोणीस दिवस झाले," ते म्हणाले. "आन् तिचा मोबाइल रोज सकाळी खेळून राहिला."

भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या एका दुकानाच्या वर तृप्ती लांजेवारचं ऑफिस होतं. ती खाजगी तपास करायची. तिचा मदतनीस आणि ऑटोवाला हेमराज दारातूनच ओरडला, "बाप्पा! गेलेलं मानूस खेळते?"

"हेमराजभाऊ, त्यांना बोलू द्या."

मारोतराव जवाहरनगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये राहायचे. मुलगा प्रविण कारखान्यात कामाला. बायको रत्नाबाई रोज मोबाइलवर एक खेळ खेळायची. पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. अक्षर जागेवर असलं तर चौकट हिरवी, शब्दात असून जागा चुकली तर पिवळी, नसलंच तर काळी. त्या दिवशीचा शब्द सगळ्यांना एकच. खेळ संपला की नुसत्या रंगीत चौकटी घरच्या ग्रुपवर जायच्या.

"ग्रुपवर कोण आहे?"

"आमी घरचे, आन् दुर्गले देलेली पोरगी खुशबू. तिनंच आईले खेळ शिकवला. आता तिले आठवा महिना. आधीची दोन राहिली नाईत. डॉक्टर पलंगावरून उठू देत नाई." ते थांबले. "म्हून आई गेल्याचं तिले सांगितलंच नाई. बाळ हाती येऊ दे, मंग सांगू म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिच्या फोटोजवळचा मोबाइल गेला. ज्यानं नेला त्यानं पोरीले लिहून टाकलं त?"

"त्या नंबरला फोन लावला?"

"दिवसभर बंद. सांजेले सहानंतर वाजते, कोनी उचलत नाई. रविवारी मातर दिवसभर वाजते."

"चौकटी किती वाजता येतात?"

"ती असताना नऊले येत. आता साडेसहाले."

"आणि खुशबू फोन करते?"

"पयले खेळ झाला का आईले लावे. आता मले लावते. आईले द्या म्हनत नाई. बरंच हाय म्हना, लबाडी कराची पाळी नाई आली."

तृप्तीने त्यांच्या मोबाइलवर ग्रुपमधल्या चौकटी पाहिल्या. मग हेमराजला ऑटो काढायला सांगितला.

क्वार्टरच्या पायरीवर शेजारच्या चंद्रभागाबाई भेटल्या. "मले एबीसीडी येत नाई माय," त्या म्हणाल्या. "पन रोज जवळ बसो मी. रत्नाचा पयला शब्द ठरलेला, वॉटर. म्हने, घरी आलेल्याले आधी पानी देतो ना, मंग शब्दालेबी आधी पानी."

सून डिंपल स्वयंपाकघरात होती. "रोज वॉटरच," ती म्हणाली. "मी म्हणो, आई, दुसरा लिहा न. खुशबूताईबी चिडवे, की आईने आज पण पाणीच पाजलं. तेरवीपर्यंत आईच्या वस्तूला हात लावाचा नाही, असं बाबांनी सांगितलं होतं. मी त फोटोजवळ गेलीच नाही."

पावणेसहाला प्रविण ड्युटीवरून आला. बसता बसता त्याने आपला मोबाइल चालू केला.

"बंद होता?" हेमराजने विचारलं.

"गेटच्या आत नेऊ देत नाही. बंद करून गाडीच्या डिक्कीत ठेवतो."

"आई हा खेळ कसा खेळायची?" तृप्तीने विचारलं.

"मले काय माहीत? सातला निघतो. आलो, जेवलो, झोपलो." तो खाली पाहू लागला. "आईजवळ बसणं झालंच नाही."

तृप्तीने सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं.

"म्याडम, चोर बाहेरचाच असन," हेमराज म्हणाला.

"बाहेरच्या चोराने मोबाइल विकला असता. इथे कोणीतरी रत्नाबाई जिवंत असल्याचं दाखवतंय. कालचा शब्द होता ब्रेड. त्यात ए, ई आणि आर आहेत. वॉटरमध्येही आहेत, पण दुसऱ्या जागांवर. म्हणजे पहिल्या ओळीत तीन पिवळ्या चौकटी यायला हव्या होत्या. पाचही काळ्या आल्या. खेळणाऱ्याला रत्नाबाईंचा पहिला शब्द माहीत नव्हता. डिंपलला माहीत होता, चंद्रभागाबाईंनाही. मोबाइल ड्युटीच्या वेळेत बंद असतो, रविवारी चालू. आणि खेळ सातच्या आत संपतो."

प्रविणने खिशातून आईचा मोबाइल काढून टेबलावर ठेवला.

"तिसऱ्या दिवशी खुशबूनं लिहिलं, आई, खेळली नाहीस का आज?" तो म्हणाला. "मी घाबरलो. बाबा रागावतील म्हणून सांगितलं नाही."

मारोतराव उठले. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "काहून रागावीन रे? पोरगी वाचवली तू."

"काका," तृप्ती म्हणाली, "अजून एक आहे. खुशबूलाही तो शब्द माहीत होता. ती रोज त्या चौकटी बघते."

मारोतरावांनी मुलाच्या डोक्यावरचा हात काढला.

"सोळा दिवसांत तिने एकदाही आईला फोनवर मागितलं नाही. तिला पहिल्याच सकाळी कळलं, खेळतेय ती आई नाही. तुम्ही तिला जपताय, म्हणून ती तुम्हाला जपतेय."

"म्याडम, म्हंजे ती पोरगी तिथं एकटीच..." हेमराजने वाक्य सोडून दिलं.

मारोतरावांनी नंबर लावला. दुसऱ्या रिंगलाच खुशबूने उचलला.

"खुशबू, बेटा... तुही आई..."



"बाबा," ती म्हणाली, "आता रडू का मी?"

"रड, माय," मारोतराव म्हणाले. "मी हाव इथं. रड."