पलीकडच्या कोपीतली भज्जी

येळवसीची भज्जी करणं म्हणजे नुसतं डाळीचं पीठ घोटणं न्हाई. तुरीचे ओले दाणे, वालाच्या शेंगा, हरभऱ्याचा पाला, चुका, गाजर, बोरं, हिरवा लसूण, ह्यातलं कोण आधी अन् कोण मागून, हे हाताला कळावं लागतं. पीठ ताकात कालवून पातेल्यात सोडलं की मग हात थांबवायचा न्हाई. थांबला की खाली लागलंच, अन् लागलेल्या बेसनाचा वास साऱ्या शिवारात फिरतो. माझी कधी लागली न्हाई. पालममधे माझ्यासारखी भज्जी करणारी बाई न्हाई, अन् हे मी माझ्याच तोंडानं सांगायलेय असं समजू नका. परभणीचे दिनकरराव वकील सांगायचे.

दिनकररावांचं वकिलीत किती लक्ष होतं देव जाणे, खाण्यात मात्र पुरतं होतं. स्टेशनापुढं चहा कुणाचा प्यावा, उरुसात हलवा-पराठा कोणत्या कढईवरचा घ्यावा, तंबूतला सिनेमा बघायला गेलं तर चिवडा कुठला बांधून न्यावा, हे परभणीतले लोक त्यायला विचारून ठरवायचे. लढाई चालू होती, साखर अन् रॉकेल मोजूनमापून मिळायचं, तरी ह्या माणसाची जीभ काही आवरली न्हाई. दर येळवसीला बायकोला, म्हणजे कमलबाईंना, अन् चार दोस्तांना घेऊन ते रेल्वेनं गंगाखेडला उतरायचे अन् तिथून बैलगाडीनं धूळ खात आमच्या शेतात यायचे. कशासाठी, तर माझ्या हातच्या भज्जीसाठी.

"उमाबाई, हैदराबादेत जहागीरदारांच्या दावती खाल्ल्या," ते बोटं चाटत म्हणायचे, "पण ही चव नाही."

मी वरवर म्हणायची, कशाचं काय. आतून फुगायची.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. थंडीतली. त्या दिवशी गाव रिकामं अन् शेतं भरलेली. ज्याच्या त्याच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घातलेली असते, कोपीत चुना लावलेल्या दगडांची पूजा मांडतात, घरधनी पिकाभोवती आंबील शिंपडत फिरतो. अन् बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. ओळखीचा असो नसो. हाक आली की न्हाई म्हणायचं नसतं, अन् दारी आलेल्याला वाटंला लावायचं नसतं.

आता माझ्या मालकांचं सांगते. माणूस वाईट न्हाई. दुकान, शेत, सकाळची लिंगपूजा, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. पण तोंडात मूग. सारी परभणी माझ्या भज्जीला वाखाणायली, अन् ह्या माणसानं लग्न झाल्यापासून बरी का वाईट, एक शब्द काढला न्हवता. समोर ठेवलं की खायचं अन् उठायचं. मला दिनकररावांच्या दहा तारिफा नको होत्या. ह्यायच्या तोंडून एक पाहिजे होती.

एका येळवसीला आंबील शिंपडायला गेलेले मालक लय उशिरा परत आले. पाहुणे जेवायले होते. मी ह्यायला वाढलं. त्यायनी एक घास घेतला अन् पितळी बाजूला सारली.

"भूक न्हाई."

"सकाळपासून पोटात काय हाय तुमच्या?"

"पलीकडं खाल्लं. हाक मारली त्यायनी."

"पलीकडं म्हणजे कुणाकडं?"

"ओढ्यापलीकडच्या कोपीत." मग माझ्याकडं न बघता म्हणले, "लय चांगली भज्जी करती ती."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाहुण्यांपुढं काही बोलता येईना. मी पळी पातेल्यात अशी फिरवली की कमलबाईंनी चमकून माझ्याकडं बघितलं.

संध्याकाळी भांडी आवरताना मी तानुबाईला विचारलं. तानुबाई आमच्या शेतावर राबणारी, शिवारातलं पानन् पान तिला ठाऊक.

"ओढ्यापलीकडं कुणाचं शेत हाय?"

"कुणाचंच न्हाई, अक्का. भाऊबंदकीत अडकलंय, लय सालं पड हाय. बाभळी अन् कुसळ."

"अन् कोप?"

तानुबाई हसली. "कडबाच न्हाई तर कोप कशाची घालतील?"

माझे वडील गंगाखेडला मास्तर होते. भूतखेत, उतारा, काळा दोरा, असलं आमच्या घरात कधी चाललं न्हाई. मला भुताचा संशय न्हवताच. मला बाईचा संशय होता. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर मी ओढा ओलांडून गेले.

तानुबाई म्हणली तसंच होतं. बाभळी, पायाला टोचणारं कुसळ, कुठं कोप न्हाई, कडब्याचं एक धाट न्हाई. मी परत फिरणार तेवढ्यात मधोमध सारवलेली जागा दिसली. एका कोपीपुरती. शेण अजून ओलं होतं अन् त्यात बोटांच्या रेघा एकसारख्या उमटल्या होत्या. सारवणारीचा हात चांगला होता. तेच मला लय झोंबलं.

ते साल मी कसं काढलं मलाच ठाऊक. मालक दुकानातून यायला जरा उशीर झाला की मी दारात. कुठं होता, कुणासंगं होता. ते म्हणायचे दुकानात, अन् दुकानातच असायचे, मी माणूस पाठवून बघितलंय. गावातल्या एकेका बाईचं तोंड मी मनात आणून बघायची, ही असंल का, ती असंल का. बाजारात कुणी हिरवा लसूण जास्ती घेतला तरी माझं काळीज जळायचं.

पुढच्या येळवसीलाबी तेच झालं. पितळी सारली, भूक न्हाई म्हणले. दिनकरराव तिसऱ्यांदा मागायले होते अन् मला ते विषासारखं लागायलं होतं.

त्याच्या पुढच्या येळवसीला मी ठरवलं, आपल्या डोळ्यानं बघायचं. त्या दिवशीची भज्जी मी जीव ओतून केली. पाहुणे आले, बसले. मालक आंबिलीचं बिंदगं घेऊन निघाले. मी थोडा वेळ जाऊ दिला, तानुबाईच्या हातात पळी दिली अन् वाटीत माझी भज्जी झाकून घेऊन मागं निघाले. तिला चाखवायचीच होती मला. बघ म्हणावं, भज्जी ही असती.

ऊन चांगलं तापलं होतं. ज्वारी डोक्याच्या वर. चहूकडून शिवारात लोकांच्या हाका ऐकू येत होत्या. ओढ्यात उतरले तशा त्या एकेक करून बंद झाल्या. पलीकडं चढले तर धूर दिसला.

कोप होती. हिरव्या-पिवळ्या कडब्याची, नीट बांधलेली. आत चुन्याचे दगड, त्यायच्यापुढं बोरं अन् ओंब्या. चुलीवर पातेलं. पातेल्यापाशी एक बाई पाठमोरी बसून ढवळायली होती. शेजारी एक पितळी पडली होती, बोटानं निपटून खाल्लेली. मालक जेवून गेले होते.

"शरणार्थी," ती वळून म्हणली, आमच्या लिंगायतांत रामरामाच्या जागी म्हणतात तसं. "या, बसा."

माझ्याच वयाची असंल. इरकल नेसलेली, कपाळाला विभूती. तिचं तोंड आता आठवायला गेलं तर आठवत न्हाई. बोटं आठवतात, हळदीनं पिवळी झालेली.

भांडायला म्हणून गेलेली मी, पण येळवसीला बसा म्हणल्यावर न्हाई म्हणता येत न्हाई. बसले. तिनं वाढलं. मी पहिला घास घेतला अन् माझा हात तिथंच थांबला. मीठ माझं होतं. चुक्याचा आंबटपणा माझा होता. बोरं मी टाकते तशी, अगदी उतरवायच्या वेळेला टाकलेली. माझ्या वाटीतली अन् तिच्या पातेल्यातली, दोन्ही एकच.

"हे कुणी शिकवलं तुला?" मी विचारलं.

ती हसली न्हाई की रागावली न्हाई. "जरा पळी धरा," म्हणली. "खाली लागंल. मी आलेच."

ज्या बाईनं जन्मात भज्जी लागू दिली न्हाई, तिला पातेलं उघडं पडलेलं बघवत न्हाई. मी पळी धरली. ती उठली, माझी झाकलेली वाटी उचलली अन् ओढ्याकडं गेली.

मी ढवळत राहिले. किती वेळ, सांगता येत न्हाई. उन्हं कलली तरी ती येईना. मग मी पातेलं खाली उतरवून ठेवलं अन् आमच्या शेताकडं निघाले.

बांधावर पाय ठेवला अन् आमच्या कोपीतून हाक आली. "या बाई, बसा. जेवून जा." आवाज मालकांचा होता.

मला वाटलं, चेष्टा करायलेत. जन्मात कधी केली न्हाई, आज करायलेत.

कोपीच्या तोंडाशी गेले. आत ती बाई बसली होती, माझ्या जागेवर, माझ्या पातेल्यापाशी. दिनकररावांना वाढायली होती.

"वा, उमाबाई," दिनकरराव तिला म्हणले.

कमलबाईंनी माझ्याकडं बघितलं अन् तिला विचारलं, "ह्या कोण?"

"पलीकडच्या कोपीतल्या," ती म्हणली. "बसा म्हणा की त्यायला."

तानुबाईनं माझ्यापुढं पत्रावळ मांडली. मी तिचा हात धरला. "तानुबाई, मी हाय."

तिनं हात हळूच सोडवून घेतला. "बसा, बाई. कुणीबी असा. येळवस हाय."

मालक समोरच बसले होते. त्यायची पितळी बाजूला सारलेली, भज्जीतला नुसता एक घास खाल्लेला. ते माझ्याकडं बघत होते, अन् तोंडावर असं हसू होतं, जे मी माझ्या घरात कधी बघितलं न्हवतं.

"ह्यायच्याकडंच खाल्लं मी मगाशी," ते सगळ्यांना म्हणले. "वकीलसाहेब, अशी भज्जी मी उभ्या जन्मात खाल्ली न्हाई."

किती सालं मी ह्याच बोलण्यासाठी थांबले होते. आलं ते चारचौघांत आलं, मोठ्यानं आलं. अन् माझ्यासाठीच आलं.

पातेल्यापाशी बसलेल्या बाईचा हात थांबला. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. ती नजर मला ओळखीची होती. मी दोन सालं गावातल्या एकेका बाईकडं त्याच नजरेनं बघत आले होते.

कुठून तरी बेसन लागल्याचा वास आला. मी उठले अन् ओढ्याकडं, पलीकडच्या चुलीकडं निघाले. कुणी थांबवलं न्हाई.

मधल्या दिवसांचं मला विचारू नका. मला एवढंच कळतं की येळवस येते, चूल पेटलेली असते, चुका अन् बोरं हाताशी असतात. मग ज्वारीतून आंबील शिंपडल्याचा आवाज येतो. मी हाक मारते. मालक येतात, मांडी घालून बसतात, पोटभर खातात. मागून घेतात. बोटानं पितळी निपटतात. जाताना म्हणतात, लय चांगली झाली.

यंदा ते जेवून गेले अन् थोड्या वेळानं ओढ्यात पाय वाजले. ती आली होती. हातात झाकलेली वाटी, तोंड उन्हानं अन् रागानं तापलेलं.

"शरणार्थी," मी म्हणलं. "या, बसा."

ती बसली. मी वाढलं. एक घास खाऊन ती थांबली. मग हात पुढं केला.

"द्या पळी," ती म्हणली. "मी ढवळते. तुमी जा आता घरी. समदे वाट बघायलेत."

ओढ्यापलीकडून कमलबाईंचं हसणं ऐकू आलं. तानुबाई कुणाला तरी हाक मारायली होती. माझं सगळं तिकडं होतं, अन् उठायचा तेवढा अवकाश होता.

मी पळी दिली न्हाई.

"न्हाई," मी म्हणलं. "तिकडं मालकांना भूक लागत न्हाई."