फ्रॉकची दुमड

संध्याकाळी टेलरनं दुकानाचं शटर ओढलं, तेव्हा त्याच्या पिशवीत थोरलीचा शाळेचा फ्रॉक होता. वाढत्या अंगाच्या पोरींचे कपडे शिवताना तो खाली चांगली चार बोटं दुमड ठेवायचा. आज ती उसवून त्यानं फ्रॉक लांब केला होता. काम एवढंसं, पण करताना त्याला बरं वाटलं. पोर वाढतेय, म्हणजे आहे, असं त्याच्या मनात आलं. आणि हे मुद्दाम मनात आणावं लागलं याचीच त्याला धास्ती वाटली.

धाकटी तापात गेली तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती. बोलत राहा, मन हलकं होतं, असं लोक म्हणाले. म्हणून दिवेलागणीला नवरा, बायको आणि थोरली तिच्या आठवणी काढत बसू लागले. एवढ्याशा जिवाच्या आठवणी त्या किती असणार? थोड्याच दिवसांत संपायला हव्या होत्या. संपल्या नाहीत.

पहिल्यांदा लक्षात आलं ते सायकलमुळे. "सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला, पण रडली म्हणून नाही," आई कौतुकानं सांगत होती.

"आई, ती मी," थोरली म्हणाली. "ती कधी सायकलवर बसलीच नव्हती." व्रण दाखवायला तिनं गुडघा पुढे केला. गुडघा गुळगुळीत होता. त्याच गुडघ्याला टेलरनं स्वतःच्या हातानं पट्टी बांधली होती.

मग पहिला दात पडल्याची आठवण गेली. शाळेच्या पहिल्या दिवसाची गेली. थोरलीचं जे जे कुणी बोलून दाखवलं, ते ते धाकटीचं होऊन बसलं. आणि रिकाम्या जागी भलतंच काही येऊ लागलं. एकदा जेवता जेवता थोरली म्हणाली, "तिथला पंखा मला आवडायचा नाही. सारखा कुरकुरायचा. आणि नर्सच्या हाताला साबणाचा वास यायचा..." धाकटीला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलच्या वॉर्डात थोरली कधी गेलीच नव्हती. मुलांना आत सोडतच नसत.

आता या आठवणी पुरेत, असं टेलरनं बायकोला बाजूला घेऊन सांगून पाहिलं. ती शांतपणे म्हणाली, "येतेय तर येऊ दे की तिला. थोरलीला आपण काय कमी केलंय?" टेलरला तिचा राग आला. पण खोटं कशाला बोला, आतल्या खोलीत इवली पावलं वाजलेली त्यानंही ऐकली होती, आणि त्याला आनंद झाला होता.

तेव्हापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं. थोरलीची एकच आठवण त्याच्यापाशी उरली होती, कुणालाही न सांगितलेली.

आज घरात शिरताच त्याला औषधांचा वास आला. बाहेरच्या खोलीत थोरली चादर ओढून पडली होती. बायकोनं पिशवीतून फ्रॉक काढला, थोरलीकडे पाहिलंही नाही, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

"बाबा, मी लहानपणी कशी होते?"

"चांगली होतीस."

"तसं नाही. एक तरी गोष्ट सांगा ना. मला काहीच आठवत नाही... नुसता पंखा आठवतो."

सांगावं तर तेवढंही जाणार. न सांगावं, तर पोर समोर अशी कोरी, आपलं म्हणावं असं काहीच नसलेली. तिचे डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते. शेवटी त्यानं तिला मांडीवर घेतलं आणि अगदी कानाला ओठ लावले.

"तू दुकानात हरवली होतीस... मी वेड्यासारखा रस्ताभर धावलो. परत येतो तर कातरणांच्या ढिगातून एक हात वर आला. तू आत गाढ झोपली होतीस. वर मलाच म्हणालीस, 'बाबा, दिवा घालवा ना!'"

थोरली हसली. "मीच ना ती?"

"तूच. तूच गं राणी."

तिनं समाधानानं डोळे मिटले. टेलरनं आतल्या खोलीचा कानोसा घेतला. घर गप्प होतं. वाचली, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात बंद दाराआड बायको खळखळून हसली. "अगं बाई! कातरणांत झोपली होतीस होय? आणि वर बाबांनाच दिवा घालवायला सांगितलंस?"

टेलरनं मांडीवरच्या पोरीच्या कपाळाला हात लावला. कपाळ भाजत होतं. तिच्या मनगटाच्या वर सुई टोचल्याचा काळानिळा डाग होता, धाकटीला होता तिथेच. छताला पंखा नव्हता, तरी वर कुठेतरी काहीतरी कुरकुरत फिरत होतं. त्यानं तिला हाक मारायला तोंड उघडलं, आणि जिभेवर धाकटीचंच नाव आलं. दुसरं नाव त्याला काही केल्या आठवेना.

"नीट उभी राहा गं, टाचणी टोचेल," आत बायको कुणाला तरी दटावत होती. मग तिनं दाराआडूनच त्याला आवाज दिला. "अहो, दुमड अजून थोडी सोडायला हवी. किती उंच झालीये, बघा तरी!"