तळ्यावरून आलेलं मत

सकाळी आठच्या सुमारास मूस तळ्यावरचा बर्फ फुटला आणि घोडी पाण्यात गेली.

मागच्या घसरगाडीत तिघं होती. डॉक्टर एल्नाथन फिस्क नुकतेच प्रांताच्या कायदेसभेवर निवडून आले होते. त्यांनी देवी टोचल्यामुळे जिची नातवंडं साथीतून वाचली, ती थँकफुल वेअर तिथे साक्ष द्यायला निघाली होती. गाडी ज्यूड टॅपनची. टोचणीवर बंदी घालणारा कायदा दुपारी मताला येणार होता आणि गावातली निम्मी मुलं अजून टोचायची होती. साथीच्या गावचं कुणी पुढे जाऊ नये म्हणून सडकेवर पहारा बसला होता. तिघांनाही देवी येऊन गेलेल्या. कपडेही गंधकाच्या धुरातून काढलेले. पण ऐकतो कोण! म्हणून ही तळ्याची वाट.

घोडीचं फक्त डोकं वर होतं. बर्फावर जाणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या गळ्यात असतो तसा तिच्याही गळ्यात दोरीचा फास होता. तो आवळला की श्वास छातीत कोंडतो, अंग फुगतं आणि जनावर तरंगतं.

"आवळ, ज्यूड!"

"माझ्याच्यानं नाही होणार, डॉक्टर. शिंगरू होती तेव्हापासून हातानं चारलंय तिला."

"मग दोरी इकडे आण."

डॉक्टरांनी टाच रोवली. हिसका दिला. घोडीचे डोळे पांढरे झाले.

"मारताय तिला!"

"वाचवतोय."

"पोरांना टोचताना माझी सून अशीच किंचाळली होती," थँकफुल म्हणाली. "ज्यूड, रडायचं ते नंतर रड. ओढ!"

घोडी कुशीवर तरंगली. तिघांनी ओढली. बर्फाचा काठ तुटला. पुन्हा ओढली. ती बर्फावर आली तशी डॉक्टरांनी फास सोडवला आणि बरगड्यांवर बुक्क्या मारल्या. एक. दोन. मग नाकपुड्यांतून वाफ निघाली!

घोडीला घोंगडीत गुंडाळून ज्यूड मागे राहिला. उरलेली वाट दोघांनी पायी तुडवली.

सभेच्या दारात द्वारपालानं काठी आडवी धरली. "तुमच्या गावात साथ आहे. आत यायचं नाही."

"नाही येत. आवाज अडवून दाखव."

आत नावं पुकारली जात होती.

"फिस्क?"

"बंदीच्या विरुद्ध!" उंबऱ्यावरून डॉक्टर गरजले.

दाराबाहेरून दिलेलं ते मत धरलं तर कायदा पडत होता. वगळलं तर बरोबरी; मग निकाल अध्यक्षांच्या मतावर, आणि अध्यक्ष बंदीवाले.

दिवे लागले तरी मत धरायचं की नाही याचा निर्णय अध्यक्षांनी दिला नव्हता. डॉक्टर दारातच उभे होते; साक्षीला कुणी न बोलावलेली थँकफुल शेजारी. तळ्यावर भिजलेला डॉक्टरांचा कोट अजून वाळलेला नव्हता.