भांड्याने गिळलेलं प्लॅटिनम

“संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही, तर माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.” प्रयोगशाळेत काम करणाऱ्या ताईंचे डोळे भरून आले. वीस वर्षं त्यांनी मान खाली घालून काम केलं होतं. काल मात्र सगळ्यांसमोर त्यांच्या पर्सची झडती झाली होती.

खासगी गुप्तहेर असलेली आत्या लगेच उठली. तिची पिशवी सांभाळणारा चाळिशीचा भाचाही मागोमाग निघाला. मन त्याचं हळवं होतं. डोकं मात्र नेहमीसारखंच ढिम्म होतं.

प्रयोगशाळेत साहेबांनी काम समजावलं. प्लॅटिनम आणि पॅलेडियमचे क्षार काचेच्या भांड्यात गरम पाण्यात विरघळवायचे, कोळशाची पूड घालायची, शेवटी एक औषध टाकायचं. दोन्ही धातू मिळून पुडीच्या कणांवर बसतात. मग पूड गाळून तोलायची.

“पण गेल्या तीन खेपांना पूड हलकी भरली. धातू गेला कुठे?” साहेब म्हणाले.

“मी क्षार तोलतो आणि समोर उभं राहून पाण्यात टाकायला लावतो,” भांडारपाल म्हणाला.

“गाळलेलं पाणी?” आत्याने विचारलं.

“नितळ,” ताई म्हणाल्या. “धातू उरला तर पिवळं दिसतं.”

भाचा एव्हाना मोरीपाशी उभा राहून त्याच काचेच्या भांड्यात बघत केस सारखे करत होता. “आत्या, भांडारपालच चोर!” तो कुजबुजला. आत्याने त्या बोलण्याकडे लक्षच दिलं नाही.

“हे भांडं कोण धुतं?” तिने विचारलं.

“मीच, मऊ स्पंजने. तीन खेपांआधी रजेवर होते तेव्हा साहेबांनी धुतलं.”

“तारेच्या घासणीने. अगदी लख्ख!” साहेब कौतुकाने म्हणाले.

आत्या खुर्चीत बसली. “धातू पाण्यात गेला, पाण्यात उरला नाही, पुडीवरही आला नाही. मग उरलं काय? भांडं. अरे, आरपार काचेत कुणाला भांग दिसतो का? भांड्याचा आरसा झालाय. घासणीने आत ओरखडे पडले, धातू त्यांनाच धरून बसला. मग धातूवर धातू चढत गेला.”

“मला वाटलं, साहेबांच्या हातची चमक आहे!” ताई म्हणाल्या.

“तीव्र आम्लांच्या मिश्रणाने धुवा, सगळा धातू परत मिळेल,” आत्या म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. “ताई, चुकलो मी. माफ करा.”

ताई ताठ उभ्या राहिल्या. “झडती सगळ्यांसमोर घेतलीत, साहेब.”

साहेबांनी मान हलवली, दार उघडलं आणि एकेकाला हाक मारायला सुरुवात केली.