थांबायला शिकणारे सर

"माझी एक विद्यार्थिनी बाथरूममधून गायब झालीये!"

दार ढकलून आत आलेल्या त्या उंच माणसाच्या कपाळावर घाम होता, शर्टाची एक बाही भिजलेली, आणि चेहरा असा, की आता फक्त पोलिसांना बोलावायचं बाकी आहे. मी ओठांवर बोट ठेवलं. मग तेच बोट कोपऱ्यातल्या टेबलाकडे नेलं. तिथे त्यांची गायब विद्यार्थिनी निवांतपणे रंगीत बटणं वेगवेगळी करत बसली होती.

तिसरीचे नवे सर मटकन खुर्चीत बसले. खुर्ची पहिलीच्या मुलांच्या मापाची, त्यामुळे गुडघे थेट हनुवटीशी आले. तरीही माणूस देखणा दिसत होता, हे मी तेव्हाच मनात नोंदवून टाकलं. उगाच लाजायची मला सवय नाही.

"ती चकती घेऊन गेली," ते हळू आवाजात म्हणाले. "पाच मिनिटांत परत यायचं, असा माझा नियम आहे. ही आलीच नाही. शेवटी मावशींना सगळी दारं ठोठावायला लावली..."

"कसली दारं?"

"बाथरूमची. चकती त्यासाठीच आहे ना?"

मी बघतच राहिले. मी या शाळेची समुपदेशक. मुलं मला गप्पाबाई म्हणतात. प्रत्येक वर्गाच्या दाराशी एक निळी लाकडी चकती टांगलेली असते. ज्याला बरं वाटत नसेल – पोटात नाही, मनात – त्याने ती उचलायची आणि सरळ माझ्या खोलीत यायचं. शिक्षकांनी काही विचारायचं नाही. हे सगळ्या शाळेला माहीत होतं, पण नव्या सरांना दुसरं कोणीतरी सांगेल म्हणून प्रत्येक जण मोकळा झाला होता. तरीच तिसरीची मुलं धापा टाकत यायची, अर्धं दुःख सांगायची आणि पळत सुटायची!

"अहो, पण चकतीवर हसरा चेहरा काढलाय. तो बघून तुम्हाला काय वाटलं?"

"मला वाटलं..." सर कानांपर्यंत लाल झाले. "जाऊन आल्यावर... बरं वाटतं, म्हणून असेल."

मी इतक्या जोरात हसले, की टेबलावरची दोन बटणं खाली पडली. आणि कोपऱ्यातून बारीकसं 'खिक्' ऐकू आलं. आम्ही दोघांनीही एकदम वळून पाहिलं. ती हसली होती!

घरी तिला सगळे मुंगी म्हणायचे. घरी अखंड बडबड, आणि शाळेत तोंडाला कुलूप. वाचताना पहिल्याच अक्षराला अडखळायची आणि पुस्तक मिटून टाकायची. सत्र संपायच्या आत तिने मुख्याध्यापिकांना एक पान वाचून दाखवलं नाही, तर तिला पुन्हा दुसरीत बसवायचं ठरलं होतं.

ती वर्गात परतल्यावर मी विचारलं, "मुंगी अडखळली की तुम्ही काय करता?"

"लगेच शब्द सांगतो. तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून."

"तिथेच चुकतंय. तुम्ही सांगता, बाकावरची मैत्रीण सांगते, घरी आई सांगते. तिने बोलायचं कधी? थांबायचं, सर. शब्द तिचा आहे."

"थांबणं मला जमत नाही हो. आई म्हणते, मी चहा उकळायच्या आत गाळतो."

"मग शिका. मी शिकवते."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत माझ्या खोलीत दोन विद्यार्थी येऊ लागले. मुंगी बटणं निवडता निवडता वाचायची. हात कामात गुंतले, की तिची जीभ जरा सैल व्हायची. सर ओठ दाबून ऐकत बसायचे. ती गेली, की मी त्यांची परीक्षा घ्यायचे.

"सर, आज तुम्ही फार..."

"उशिरा आलो?"

"नापास! परत. सर, आज तुम्ही फार..."

या वेळी ते थांबले. नजर माझ्यावर, श्वास रोखलेला. खिडकीतलं ऊन त्यांच्या खांद्यावर आलं होतं. थांबायला मी त्यांना शिकवत होते, आणि धडधड मात्र माझी वाढत होती.

"...छान दिसताय," मी म्हणाले.

"हे... अभ्यासक्रमात आहे?"

"माझ्या आहे."

त्यांच्या मुठीतली बटणं खोलीभर घरंगळली. ती आम्ही दोघांनी मिळून गोळा केली, आणि मुद्दामच सावकाश केली.

वाचनाचा दिवस आला. मुख्याध्यापिकांच्या खोलीत मुंगीची आई, आणि टेबलाच्या या बाजूला आम्ही दोघं. मुंगीने पहिल्या दोन ओळी बऱ्या वाचल्या. तिसऱ्या ओळीत अडली.

"ख... ख..."

पुढे काहीच नाही. आईचे ओठ हलले. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला. आता ही पुस्तक मिटणार, माझी पोर दुसरीत जाणार... सगळ्यांना थांबायचे धडे देणारी मी, आणि माझ्याच जिभेवर तो शब्द आला. मी खुर्चीतून अर्धवट उठले.

टेबलाखाली सरांनी माझा हात धरला. घट्ट. माझ्याकडे बघितलंही नाही, नुसती मान हलवली – नाही.

मी खाली बसले.

"ख... खारूताई," मुंगी म्हणाली. आणि वाचत गेली. पुढेही अडखळली, पण कोणीच काही सांगितलं नाही, आणि पान संपलं.

"ही तिसरीतच राहील," मुख्याध्यापिका म्हणाल्या. आईने डोळे पुसत लेकीला जवळ घेतलं. हसत, बोलत सगळ्या बाहेर पडल्या.

माझा हात अजून तिथेच होता.

"सर, परीक्षा संपली. हात..."

"हो," ते म्हणाले, आणि सोडला मात्र नाही. "मला... तुम्ही..." कान पुन्हा लाल. "मला तुम्ही..."

पुढचा शब्द मला पाठ होता. बिचाऱ्याला सांगून टाकावा म्हणून मी तोंड उघडलं...

"बाई, सांगायचं नाही!"

विसरलेलं दप्तर न्यायला आलेली मुंगी दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून. "त्यांचं त्यांना येतंय."

मी मुकाट्याने तोंड मिटलं. आम्ही दोघी थांबलो.

"...खूप आवडता," सर म्हणाले.

"आणि मला तुम्ही," मी म्हणाले, आणि कुठेही अडखळले नाही.